सर, त्या रात्री हसला नाहीत म्हणून थँक्यू

प्रिय सर,

परवा आमच्या सिरियलचे 500 एपिसोड झाले, सेटवर केक कापला, फोटोबिटो झाले आणि एकदम तुमची आठवण आली. जाहीरच लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, कामाला लाग" म्हणून उडवून लावता.

बारा वर्षं पेपरात काढून हा डेली सोपचे डायलॉग लिहायला चाललाय कळल्यावर डेस्कवर काय खिदळले होते सगळे, आता सासू-सुनांची भांडणं कव्हर कर वगैरे. तुम्ही हसला नाहीत. शेवटचं पान छपाईला सोडलंत आणि खालच्या टपरीवर नेऊन मनोहर श्याम जोशींची गोष्ट सांगितलीत. 'साप्ताहिक हिंदुस्तान'चा संपादक राहिलेला माणूस, वर हिंदीतला मोठा कादंबरीकार, आणि पन्नाशीत 'हम लोग' लिहितो! 1984 साल, दूरदर्शन. आयडिया मेक्सिकोहून आणली आपल्या वसंत साठेंनी, तेव्हाच्या माहिती-प्रसारण मंत्र्यांनी, तिकडे मालिकांमधून कुटुंब नियोजन गळी उतरवायचे म्हणे. इथेही तेच सुरू केलं तर लोक कंटाळले, मग 13 भागांनंतर उपदेश कमी केला, घरातली उणीदुणी वाढवली आणि गाडी जी सुटली ती दीडशेच्या वर भाग झाल्यावरच थांबली. पुढे फाळणीवरचं 'बुनियाद' पण त्यांचंच.

आणि मग तुम्ही म्हणालात, 'हम लोग'मधला बाप बसेसर राम दारू पिऊन घरी येतो हे कुणीही लिहील, दारूला पैसे कुठून आणतो हे रिपोर्टर विचारतो.

सर, त्या एका वाक्यावर माझं घर चाललंय. चॅनलच्या मीटिंगमध्ये सगळे नवरा का सोडून गेला यावर भांडत होते, मी विचारलं फ्लॅटचा हप्ता आता कोण भरतंय, आणि त्यातून तीन आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, निघाला. रात्री अकराला सेटवरून फोन येतो, ताईंना ताप आहे, उद्याचा सीन त्यांच्याशिवाय करून द्या, तेव्हा हात थरथरत नाहीत कारण तुम्ही माझ्या 600 शब्दांचे 150 उभ्याउभ्या करून घ्यायचात. (सगळंच भारी लिहितो असं नाही हां. मेलेला दीर परत आणला तो आठवडा तुम्ही बघितला नसेल अशी आशा आहे.)

आणि ते चार महिने. पहिल्या निर्मात्याने पैसे अडकवले होते, मी कुणाला बोललो नव्हतो, तुम्हाला कसं कळलं देव जाणे, पण दर रविवारी पुरवणीसाठी काहीतरी लिही म्हणून फोन यायचा आणि मानधन वेळेत. ते मी विसरलेलो नाही.

काकूंना सांगा आजी मरत नाहीये, हॉस्पिटलचा ट्रॅक शुक्रवारी संपतोय. पण शेजारी बोलू नका म्हणावं, चॅनलवाले माझाच ट्रॅक बंद करतील.

तुमचा,
डेस्कवरून पळालेला