अडकलेली खिडकी हाताने उघडायची सोय द्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
(प्रत : ग्राहक तक्रार विभाग)

विषय : व्हॅनला बसवून दिलेली मोटरची काच-जाळी खिडकी बंद अवस्थेत अडकणे, ती हाताने उघडण्याची सोय नसणे आणि वॉरंटी नाकारली जाणे.

महोदय,

आमच्या घरच्या व्हॅनच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंना आपल्या कंपनीने मोटरवर चालणाऱ्या काच-जाळीच्या खिडक्या बसवून दिल्या. गाडी पांढऱ्या पाटीची आहे, भाड्याने चालत नाही. आषाढी वारीत ती आमच्या दिंडीबरोबर असते. चालून थकलेल्यांना दुपारी टेकायला जागा मिळावी आणि वयस्कर बायकांना रात्री तंबूतल्या ओलीऐवजी कोरड्यात झोपता यावे, एवढ्यासाठीच ती आम्ही नेतो. माझी आईही त्यांच्यात असते. तिला दमा आहे.

या खिडक्या हौसेखातर घेतलेल्या नाहीत. वारीच्या मुक्कामावर गाडीत झोपणाऱ्यापुढे रोज तोच पेच असतो. काच उघडी ठेवली तर डास, मिटली तर घुसमट. एसी लावायचा तर रात्रभर इंजिन चालू ठेवावे लागते, आणि बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. म्हणून काच खाली जाऊन तिच्या जागी जाळी वर येणारी आपली खिडकी पाहिली तेव्हा आम्हाला ती अगदी हवी तशी वाटली. डेमोत एका बटणावर काच उतरली, दुसऱ्यावर जाळी चढली. आईने स्वतः बटण दाबून पाहिले होते.

जे चांगले आहे तेही नोंदवतो. जाळीचे कापड उत्तम आहे. डास अडवायला जाळीचे छिद्र साधारण १.२ ते १.५ मिलिमीटरच्या आत लागते. आपली जाळी तेवढी बारीक असूनही वारा छान आत घेते. आळंदीहून निघाल्यावर पुण्यात आणि सासवडला बायका निवांत झोपल्या. माझी तक्रार जाळी ज्या यंत्रणेवर चढते-उतरते त्या यंत्रणेबद्दल आहे, आणि त्याहून जास्त आपल्या माणसांनी दिलेल्या उत्तरांबद्दल.

जेजुरी सोडल्यावर पाऊस लागला. वाल्ह्याच्या मुक्कामी डाव्या खिडकीची जाळी अर्ध्यावर येऊन थांबली. बटण दाबले की आत मोटर घरघरायची, जाळीच्या वरची पट्टी तिरकी व्हायची, पण जाळी ना वर जायची ना खाली. जाळी खाली बसल्याशिवाय काच वर येत नाही, त्यामुळे काचही अडकली. वरची अर्धी खिडकी उघडीच राहिली. आम्ही बाहेरून ताडपत्री बांधली आणि रात्र काढली. सकाळी पट्टी हाताने सरळ करत, बटण दाबत कशीबशी जाळी खाली नेली आणि काच वर घेतली. गाडीची बॅटरी मात्र उतरली होती, दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून सुरू करावी लागली. जाळी जागेवर बसत नाही म्हणून आपला कंट्रोल बॉक्स मोटरला पुन्हापुन्हा वीज देत राहिला असणार. याचा तपास आपण करावा.

लोणंदला याच्या उलट झाले, आणि ते फार वाईट होते. दोन्ही खिडक्यांच्या काचा बंद होत्या, जाळ्या खाली होत्या आणि रात्री काचा उतरायलाच तयार नव्हत्या. बटणाचा दिवा लागायचा, पुढे काही नाही. मधल्या भागाला हवा येण्याची दुसरी वाट नाही, कारण तिथल्या मूळच्या सरकत्या काचा काढूनच आपण या खिडक्या बसवल्या आहेत. सरकते दार उघडे ठेवले तर पाऊस आणि डास दोन्ही आत. मिटले तर थोड्याच वेळात सगळ्या काचांवर वाफ. आईला धाप लागली. पंपाने उतार पडेना, तेव्हा तिला पालखीतळाजवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात न्यावे लागले. तिथे तिला बरे वाटले. पण उरलेली रात्र गाडीतल्या सगळ्या बायकांनी तंबूत, ओल्या जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून बसून काढली.

त्या रात्री मी आपल्या हेल्पलाइनला फोन केला होता. पलीकडच्या कर्मचाऱ्याने सांगितले, “काच उतरत नसेल तर इंजिन चालू करून एसी लावा, सकाळी सेंटरला या.”

हे वाक्य आपण स्वतः पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही, गुंगी वाढत जाते आणि तो उठतच नाही. उभ्या गाडीत एसी लावून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. वारीच्या तळावर तर गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, शेजारच्या दिंडीचा जनरेटर चालू असतो, आपल्या गाडीचा धूर नसला तरी दुसऱ्याचा आत येऊ शकतो. ज्या धोक्यातून सुटायला आम्ही जाळीची खिडकी विकत घेतली, तोच धोका पत्करायला आपली हेल्पलाइन सांगत होती. मी ते ऐकले नाही. पण या सल्ल्यावर विश्वास ठेवून कुणी दमेकरी आईला रात्रभर एसीत झोपवले तर काय होईल, याचा विचार आपल्याकडे कुणी केला आहे का?

पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले. बाकी सगळे तिकडे गेले आणि मी गाडी घेऊन फलटणला एका वायरमनकडे गेलो. त्यांनी आतले पॅनेल उघडले. सोबत जोडलेले फोटो तेव्हाचे आहेत.

आपल्या यंत्रणेत काच आणि जाळी एकाच खाचेत उतरतात. दोन्ही एकदम हलल्या तर एकमेकींवर आदळतील, म्हणून जाळी पूर्ण खाली बसल्याची खूण एका लिमिट स्विचकडून (भाग ठरलेल्या जागी पोचल्याचे कळवणारे छोटे बटण) मिळाल्याशिवाय कंट्रोल बॉक्स काचेला हलू देत नाही. ही कल्पना मला पटते. पण तो स्विच आपण खाचेच्या अगदी तळाशी बसवला आहे. काचेच्या बीडिंगमधून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीतून, आत झिरपलेले पाणी तिथेच साचते. स्विचला पाणी लागले, खूण थांबली, आणि जाळी जागेवर असूनही यंत्रणेने काच धरून ठेवली. दोन्ही बाजूंना हाच प्रकार होता, तेव्हा एखादा सुटा भाग खराब निघाला असे म्हणता येणार नाही.

आता पाणी तिथे का साचले, तेही पाहा. खाली उतरणारी काच असते तिथे पावसाचे पाणी आत जाणारच. बीडिंग कितीही चांगले असले तरी थोडे पाणी काचेबरोबर खाली जाते. म्हणून तर प्रत्येक गाडीच्या दाराला तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात आणि आत प्लॅस्टिकचा पडदा लावलेला असतो. आमच्या गाडीच्या त्या भागात निचऱ्याची भोके होती. आपल्या फिटरने खिडकीची चौकट बसवताना ती सिलिकॉनने बुजवली. फोटोत सिलिकॉनचा थर आणि त्याच्यावर साचलेले गढूळ पाणी स्पष्ट दिसते. वायरमनने टोकदार सळईने भोके मोकळी केली तेव्हा दोन्ही बाजूंनी पाण्याची धार लागली. स्विच वाळवल्यावर काचा पुन्हा चालू लागल्या.

हे सगळे मी आपल्या सेवा केंद्राला कळवले. ई-मेलवर एका ओळीचे उत्तर आले की बिघाड पाण्यामुळे झाला आहे आणि पाण्यामुळे होणारे नुकसान वॉरंटीत बसत नाही. गाडीची खिडकी पावसात भिजणार, हे गृहीत धरूनच ती बनवायची असते. पाऊस लागला हा ग्राहकाचा गैरवापर ठरत असेल तर महाराष्ट्रात ही खिडकी विकूच नये. शिवाय पाणी आत का राहिले, या प्रश्नाला त्या ई-मेलमध्ये एका शब्दाचेही उत्तर नाही. भोके आपल्याच माणसाने बुजवली आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या माहितीपत्रकात ‘अँटी-पिंच सुरक्षा’, म्हणजे मध्ये काही सापडले तर आपोआप मागे फिरण्याची सोय, असे ठळक छापले आहे. काचेला ती आहे, मी तपासली. जाळीच्या वरच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला ती नाही. दिंडीतल्या एका लहान मुलीची बोटे त्या पट्टीत आणि चौकटीत सापडली. पट्टी मागे फिरली नाही, बटण सोडेपर्यंत दाबतच राहिली. सुदैवाने हाड वाचले, बोटे काळीनिळी झाली. आपोआप मागे फिरणाऱ्या काचेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक २१ क्रमांकाच्या नियमात मर्यादा घातलेली आहे. ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत काही सापडले, तर जोर १०० न्यूटनच्या वर, म्हणजे साधारण १० किलो वजनाच्या दाबापुढे, जाण्याआधी काचेने मागे फिरले पाहिजे. काचेला जे लागू, ते काचेच्याच जागी चढणाऱ्या धातूच्या पट्टीला का नको? आपण पट्टीची अशी चाचणी घेतली असेल तर तिचा अहवाल मला पाठवावा. घेतली नसेल तर माहितीपत्रकातले ते शब्द काढावेत.

माझा मुख्य मुद्दा मात्र याहून साधा आहे. मोटर कधीतरी बंद पडणार. फ्यूज जाईल, बॅटरी उतरेल, वायर कुरतडली जाईल. दुकानाच्या मोटरवाल्या शटरला वीज गेल्यावर ओढायची साखळी असते. कितीतरी मोटारींच्या सनरूफला मोटर बिघडल्यावर फिरवायची चावी असते. आपल्या खिडकीला काहीही नाही. माणसाच्या श्वासाची वाट जिथे आहे, तिथे मोटर बिघडल्यावर हाताने काच उतरवता आली पाहिजे, तीही आत झोपलेल्या म्हाताऱ्या बाईला, अंधारात, पॅनेल न उघडता आणि कुणालाही हाक न मारता. ही सोय नसलेली खिडकी हवेसाठी म्हणून विकणे मला मान्य नाही.

म्हणून मी पुढील गोष्टी मागतो. आमच्या गाडीच्या दोन्ही खिडक्यांना हाताने काच उतरवण्याची सोय आपल्या खर्चाने करून द्यावी, लिमिट स्विच पाण्याच्या वर हलवावा आणि जाळीच्या पट्टीला मागे फिरण्याची सुरक्षा द्यावी. हे जमणार नसेल तर दोन्ही खिडक्या काढून मूळच्या सरकत्या काचा पूर्ववत बसवाव्यात आणि पावतीवरची पूर्ण रक्कम परत करावी. वायरमनचा खर्च वेगळा द्यावा, त्याची पावती सोबत आहे. याच पद्धतीची खिडकी ज्यांच्या गाडीला बसवली, त्या सगळ्यांना निचऱ्याची भोके तपासून घेण्याविषयी लेखी कळवावे. हे माझ्या पैशांपेक्षाही निकडीचे आहे, कारण त्या गाड्यांतही कुणीतरी झोपत असेल. आणि इंजिन चालू ठेवून झोपण्याचा सल्ला हेल्पलाइनवर यापुढे कुणालाही दिला जाणार नाही, असे आपल्या सहीने मला लिहून द्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. रचनेतला दोष, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणे आणि इजा टळावी म्हणून पुरेशी सूचना न देणे, हे तिन्ही त्याच्या ८४व्या कलमात येते. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते आणि दोष शोधण्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा आयोगाकडे जाईन. तोवर खिडक्या आहेत तशा ठेवणार आहे. आपला अभियंता पाहायला येणार असेल तर आधी कळवावे, मी आणि वायरमन दोघेही हजर राहू. एकट्या फिटरला पाठवू नये.

खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, माहितीपत्रकाचे पान, पॅनेलच्या आतले फोटो, वैद्यकीय मदत केंद्राचा कागद आणि आपल्या ई-मेलची प्रत जोडली आहे. हेल्पलाइनला केलेल्या फोनची नोंद आपल्याकडे असेलच. ती पुसली जाणार नाही याची काळजी घ्यावी, आयोगापुढे गेलो तर मी ती मागणार आहे.

आपला,
(सही)
ग्राहक