रिटर्न लाइनच्या सदोष रचनेमुळे घरात पाणी शिरल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : संपसह मिळणाऱ्या चार फुटी फिश टँकची रिटर्न लाइन आणि तिचे माहितीपत्रक यांतील दोषाबाबत

महोदय/महोदया,

आठ महिन्यांपूर्वी मी तुमच्या कंपनीचा चार फुटी फिश टँक घेतला. खालचे कॅबिनेट, त्यातला संप (वरच्या टाकीतून ओसंडणारे पाणी झेलणारी छोटी टाकी), पंप आणि ते पाणी पुन्हा वर नेणाऱ्या पाइपचा, म्हणजे रिटर्न लाइनचा, फिटिंगसह संच असे सगळे त्याच्याबरोबरच आले होते. तुमचे माहितीपत्रक शेजारी उघडे ठेवून, एकेक चित्र पाहत मी तो स्वतः जोडला. घरातली नळाची किरकोळ कामे मीच करते, त्यामुळे सोल्युशन, टेफ्लॉन टेप, चेकनट या गोष्टी माझ्या हाताला नव्या नाहीत. हे आधीच सांगते, कारण तुमच्या ग्राहक सेवेतून मला दोनदा "जोडणीत चूक झाली असेल" असे ऐकवण्यात आले. जोडणी पत्रकाप्रमाणेच होती. चूक रचनेत आहे आणि ती उद्या आणखी कुणाच्या तरी घरात हेच करणार आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

झाले असे. गेल्या महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. आम्ही सगळे झोपेत होतो. पहाटे साडेपाचला आई उठली, अंधारात चार पावले चालली आणि तिचा पाय सटकला. भिंत हाताला लागली म्हणून ती सावरली. आई ७८ वर्षांची आहे. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणसाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. तिची हाक ऐकून मी टॉर्च घेऊन धावले, तर कॅबिनेटच्या दारांखालून पाणी येत होते, संप काठोकाठ भरला होता आणि वरच्या टाकीतले पाणी अर्धी वीत खाली उतरले होते. कॅबिनेटच्या तळाशी, संपाला लागूनच, पंप आणि हीटरचा एक्स्टेंशन बोर्ड होता. तुमच्या चित्रात तो तिथेच ठेवलेला दाखवला आहे. पाणी बोर्डाच्या बुडाला लागले होते, प्लगची भोके त्याच्यापासून बोटभर वर होती. वीज कोणत्याही क्षणी परत आली असती. मी आधी मेन स्विच पाडला आणि मगच फरशी पुसायला घेतली.

पाणी का आले, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. पंप थांबला की रिटर्न लाइनमधले पाणी उलटे फिरते. नोझल, म्हणजे वरच्या टाकीत पाणी सोडणारे तिचे तोंड, पाण्याखाली असेपर्यंत ती लाइन सायफन होऊन, शाळेत आपण जिला वक्रनलिका म्हणायचो तशी, वरच्या टाकीतले पाणी खाली ओढत राहते. नोझल उघडे पडून आत हवा शिरली की मगच ती थांबते. म्हणजे वीज गेल्यावर किती पाणी खाली येणार, हे नोझल किती खोल आहे यावरच ठरते. तुमच्या पत्रकाच्या नवव्या पानावर लिहिले आहे की नोझल खोल ठेवल्यास पाण्याचा आवाज होत नाही. चित्रातले माप पृष्ठभागापासून ११ सेंटीमीटर आहे, आणि तुम्ही दिलेला नोझलचा बाक त्याच मापाचा आहे.

आता हिशेब पाहा. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद. ओव्हरफ्लोचा, म्हणजे पाणी ओसंडून खाली उतरण्यासाठी आडोसा घातलेला, कोपरा सोडला तरी ११ सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण ५५ लिटर. पाइपांतले आणि ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यातले उतरणारे पाणी धरा आणखी चार लिटर. संप ७५ बाय ३५, पंप चालू असताना तुमच्याच खुणेप्रमाणे त्यात पाण्यावर १५ सेंटीमीटर जागा उरते. ती होते ३९ लिटरची. उरलेले २० लिटर कुठे जाणार? ते माझ्या घरात गेले. हे गणित करायला कागदाचा एक तुकडा पुरतो, आणि ते टँक बाजारात आणण्याआधी तुमच्याकडे व्हायला हवे होते.

तुमचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण अकराव्या पानावर ते छापलेलेच आहे : "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने वीज गेली तरी पाणी उलटे येणार नाही." मी या वाक्यावर विश्वास ठेवला होता. व्हॉल्व्ह बाणाची दिशा पाहूनच, पंपाकडून टाकीकडे, बसवलेला होता. मग तो का चालला नाही, हे पाहण्यासाठी मी तो उघडायला गेले, तर उघडायला काही नव्हतेच. दोन्ही बाजूंना सोल्युशनने चिकटवण्याचे सॉकेट, युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा जोड, एकही नाही. शेवटी हॅक्सॉने दोन्हीकडून पाइप कापून तो काढावा लागला. उजेडात धरून आत पाहिले तेव्हा बिजागरीजवळ, झडप आणि तिची बैठक यांच्या मध्ये, एक गोगलगाय अडकलेली दिसली. तांदळाच्या दाण्याएवढा टोकदार शंख. झडप नखाच्या जाडीइतकी उघडी राहिली होती. तेवढ्या फटीतून साडेतीन तास पाणी झिरपत राहिले आणि एवढा सगळा प्रकार झाला.

गोड्या पाण्याच्या टाकीत अशा गोगलगायी होतातच. झाडांच्या मुळांना चिकटून येतात, वाळूत राहतात, पिल्ले पंपाच्या जाळीतूनही आत जातात. त्या नसल्या तरी शेवाळ असते, क्षार धरतात, वाळूचा एखादा कण असतो. झडपेच्या व्हॉल्व्हमध्ये कधी ना कधी काहीतरी अडकणार, हे फिश टँक पाळणाऱ्या जुन्या माणसाला विचारा, तो लगेच सांगेल. म्हणून व्हॉल्व्ह असला तर तो दुसरा आधार म्हणून असावा. पहिला आधार नोझलच्या उंचीचा आणि पाण्याच्या पातळीलगत पाडलेल्या हवेच्या छोट्या भोकाचा. तुमच्या रिटर्न लाइनला असे भोक नाही आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

तक्रार केल्यावर तुमच्याकडून ईमेल आला : "व्हॉल्व्हची नियमित स्वच्छता ही ग्राहकाची जबाबदारी आहे." मला या वाक्याचा फार राग आला. एक तर सोळा पानांच्या पत्रकात व्हॉल्व्ह साफ करायचा असतो असे कुठेही म्हटलेले नाही. मी ते पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचले. दुसरे, पाइप कापल्याशिवाय जो निघत नाही, तो साफ कसा करायचा? दोन्ही बाजूंना एकेक युनियन दिले असते तर मी तो दर महिन्याला काढून धुतला असता. मी पंपाचे इम्पेलर धुते, ओव्हरफ्लोच्या कंगव्यावरचे शेवाळ घासते, या कामांचा मला कंटाळा नाही. पण जे करायला तुम्ही जागाच ठेवली नाही, ते केले नाही म्हणून मला दोष देऊ नका.

त्या रात्री मासे वाचले. सहा एंजल आणि तळाचे कोरी, सगळे ठीक आहेत. पाणी उथळ झाल्याने एंजल एका कोपऱ्यात गोळा होऊन उभे होते. पण पुढचा धोका टळला तो केवळ वीज परत येण्याआधी मी जागी झाले म्हणून. २० लिटर पाणी गेले की त्याची सगळी घट संपातल्या पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा २५ बाय ३५चा, म्हणजे पाणी तिथे २३ सेंटीमीटर खाली जाते. चालू असताना त्यात पाणी असते २५ सेंटीमीटर. वीज येऊन पंप आपोआप सुरू झाला असता तर तो कोरडा फिरला असता आणि त्याच कप्प्यातला हीटर हवेत तापला असता. क्लोरीन काढलेले, टाकीच्या तापमानाचे पाणी तयार करून ते भरेपर्यंत मी पंप लावला नाही. पाण्यातला विषारी अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जिवाणू इतका वेळ वाहत्या पाण्याविना राहिल्याने पुढचे चार दिवस रोज अमोनिया तपासला.

रिटर्न लाइन कापलीच होती, म्हणून ती नव्याने जोडली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पंपाचे तोंड २५ मिलिमीटरचे आहे आणि तुम्ही त्यावर रिड्यूसर लावून २० मिलिमीटरचा पाइप दिला आहे, वर चार काटकोनी एल्बो. खोक्यावर ताशी ३००० लिटर छापले आहे. हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसते तेव्हाचा, हे कुठेही लिहिलेले नाही. मी नोझलपाशी नळी लावून १० लिटरची बादली भरून पाहिली होती, २६ सेकंद लागले. म्हणजे ताशी १४०० लिटरही नाही. आता पूर्ण लाइन २५ मिलिमीटरची केली, पंपाजवळ सिलिकॉनच्या नळीचा तुकडा घातला आणि वळणांवर काटकोनाऐवजी ४५ अंशांचे एल्बो वापरले. तीच बादली २० सेकंदांत भरते, म्हणजे ताशी १८०० लिटर. पंप तोच, उंची तीच. शिवाय टाकीच्या भोकात बसणाऱ्या टँक निपलचा रबरी वॉशर तुमच्या चित्रात चेकनटच्या बाजूला दाखवला आहे, तो टाकीच्या आत कॉलरखाली हवा. जोडतानाच तिथून पाझर आला होता आणि मी तो तेव्हाच बदलून घेतला होता.

नोझल मी आता पृष्ठभागापासून दोन सेंटीमीटरवर आणले आहे, बाकात पाण्याच्या जरा खाली पाच मिलिमीटरचे भोक पाडले आहे, आणि नवा व्हॉल्व्ह युनियन लावून बसवला आहे. सगळे झाल्यावर पंप मुद्दाम बंद केला आणि संपापाशी बसून राहिले. पाणी चढू लागले, थोड्या वेळाने वरून भोकातून हवा ओढल्याचा घर्रर्र आवाज आला आणि संपातले पाणी काठाच्या बरेच खाली थांबले. व्हॉल्व्हची झडप काढून ठेवूनही हेच करून पाहिले. तेव्हाही पाणी संपातच राहिले. आवाजाचे म्हणाल तर खोल नोझलच्या वेळेपेक्षा फरक कानाला जाणवतसुद्धा नाही. भोकात शेवाळ धरते, म्हणून दर आठवड्याला काच पुसताना त्यात टूथपिक फिरवते. ही पंप बंद करून पाहण्याची चाचणी पाच मिनिटांची आहे. पत्रकात एवढी एक ओळ असती तर पहिल्याच दिवशी, मी जागी असताना, हातात फडके असताना, हा दोष समजला असता.

माझ्या घरी झालेले नुकसान असे : कॅबिनेटची तळफळी फुगली आहे, डावे दार लागत नाही, आणि लाकडी फरशीच्या तीन पट्ट्यांच्या कडा उचलल्या आहेत. २०० लिटरहून अधिक पाण्याचे वजन ज्या कॅबिनेटवर उभे आहे, त्याची तळफळी फुगलेली असताना मला रात्री झोप लागत नाही. ते तातडीने बदलून मिळावे, आणि टाकी उतरवून पुन्हा ठेवण्यासाठी तुमचा माणूस यावा. फरशीच्या दुरुस्तीचा खर्च तुम्ही द्यावा. वॉरंटी फक्त पंपाची आहे हे उत्तर मी मान्य करणार नाही, कारण पंप बिघडलेलाच नाही.

पण माझी पहिली मागणी ही नाही. ज्यांनी ज्यांनी हा टँक घेतला आहे त्या सगळ्यांना तुम्ही कळवा, याच आठवड्यात कळवा, की नोझल वर घ्या, पंप बंद करून संप पाहा आणि बोर्ड कॅबिनेटच्या तळातून काढून वर भिंतीला लावा, वायर आधी खाली लोंबून मग वर जाईल अशी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही. भोक असलेला नवा बाक आणि दोन युनियन त्यांना पाठवा. तुमच्याकडे खरेदीच्या नोंदी आहेत, हे काम अवघड नाही. यातल्या कुणाच्या तरी घरी म्हातारी माणसे असतील, रांगणारे मूल असेल, आणि वीज कुठेही जाते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. फोनवर बोलायला मी तयार आहे, पण माझी तक्रार ज्याला रिटर्न लाइन म्हणजे काय हे समजते, अशा माणसाकडे द्यावी. मागच्या दोन्ही वेळी मला ते आधी समजावून सांगावे लागले. कापलेला व्हॉल्व्ह मी जपून ठेवला आहे, शंख अजून झडपेत तसाच आहे. तुमचा तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याने तो पाहावा.

आपली,
एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, कापलेल्या व्हॉल्व्हची, कॅबिनेटची व फरशीची छायाचित्रे, पत्रकाच्या नवव्या आणि अकराव्या पानाची प्रत