टी पेशीची पकड सैल असते ते बरेच आहे

महोदय,

टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. त्यांच्याविषयीच्या लेखांत कुलूप-किल्लीची उपमा हमखास येते. जंतूचा तुकडा ही किल्ली, पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. किल्ली लागली की पेशी जागी झाली. उपमा सोपी आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज पक्का होतो: किल्ली जितकी घट्ट बसेल तितकी प्रतिकारशक्ती चांगली. टी पेशींच्या बाबतीत हे चूक आहे आणि ते का, हे त्या रिसेप्टरच्या रचनेतच दिसते.

बहुतेक टी पेशींचा रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन प्रथिनसाखळ्यांचा बनतो. प्रत्येक साखळीच्या टोकाला तीन वळसे पुढे आलेले असतात, नाडी बघणाऱ्या तीन बोटांसारखे. समोरच्या पेशीने एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत प्रथिनाचा एक तुकडा, म्हणजे पेप्टाइड, धरलेला असतो. पहिल्या वर्गाच्या एमएचसीत तो साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा. पहिली दोन बोटे मुख्यतः खोबणीच्या काठांवर टेकतात. तिसरे पेप्टाइडवर येते. हे तिसरे बोट जनुकांचे तुकडे जिथे सांधले जातात नेमक्या त्या सांध्यातून घडते. तिथे काही अक्षरे गळतात, काही नवी घुसतात, म्हणून ते जवळपास प्रत्येक टी पेशीत वेगळे. रिसेप्टर खोबणीवर तिरका बसतो, हे १९९६ साली स्फटिकांच्या अभ्यासातून दिसले.

ही पकड मुळातच सैल असते. विघटन स्थिरांकाच्या भाषेत (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) ती साधारण १ ते १०० मायक्रोमोलर. चांगल्या अँटीबॉडीची नॅनोमोलरमध्ये मोजतात, म्हणजे हजारपट आणि त्याहूनही घट्ट. टी पेशीची बोटे काही सेकंद टेकतात आणि सुटतात.

त्यातून अल्फा-बीटाला स्वतःहून आत निरोप देता येत नाही. पेशीच्या आत त्यांचे जेमतेम शेपूट असते. ते काम सीडी-३ गटाच्या सहा साखळ्या करतात. पेशीपटलाच्या तेलकट थरात अल्फा-बीटावर धन भार असतात, सीडी-३च्या साखळ्यांवर ऋण भार; या ओढीवर आठ साखळ्यांची जुळणी टिकते. एक जरी नसली तरी जुळणी बिघडते. सीडी-३ डेल्टाचे जनुक निकामी असलेली बाळे टी पेशींविनाच जन्मतात.

सीडी-३च्या शेपटांवर एकूण १० संदेशस्थाने असतात. बोटे टेकली की एलसीके हे एन्झाइम त्यांवर फॉस्फेट चढवते, मग तिथे झॅप-७० हे दुसरे एन्झाइम येऊन बसते आणि निरोप पुढे जाऊ लागतो. पायऱ्या चढायला वेळ लागतो. बोटे लवकर सुटली तर पेशीपटलावरचे सीडी-४५ हे एन्झाइम फॉस्फेट उतरवते आणि सगळे पहिल्यापासून. हे सीडी-४५ उंच आहे. रिसेप्टर आणि एमएचसी भिडतात तिथे दोन पेशींमधली फट सुमारे १५ नॅनोमीटर उरते, त्यात ते मावत नाही, बाजूला सरकते. थोडक्यात, पेशी बोटे किती वेळ टेकली हे मोजते. एका मर्यादेपलीकडे पकड घट्ट करून हाती फारसे काही लागत नाही.

हाच हिशेब आधी थायमस ग्रंथीत, म्हणजे टी पेशी तयार होतात तिथे, लागलेला असतो. तिथे पहिल्यांदा बीटा साखळी जुळते आणि एका तात्पुरत्या जोडीदारासोबत तपासली जाते, मग अल्फा. पूर्ण रिसेप्टर शरीराच्याच पेप्टाइडवर टेकवून पाहिला जातो. अजिबात टेकला नाही तर पेशी तीन-चार दिवसांत मरते. फार घट्ट बसला तर बहुधा मारली जाते. मधल्या मापाच्या तेवढ्या सुटतात, शंभरातल्या जेमतेम दोन-चार. गंमत अशी की निरोप क्षीण झाला तर प्रतिकारशक्ती नुसती कमी होईल असे नाही. झॅप-७० मध्ये एका अमिनो आम्लाचा बदल असलेल्या उंदरांत, ज्या पेशी थायमसमध्ये मरायला हव्या होत्या त्या वाचतात आणि उंदरांना संधिवात होतो. कमजोर निरोप आणि स्वतःवरच हल्ला, असा उलटा हिशेब.

ही परीक्षा चुकवली की काय होते, हे कर्करोगावरच्या एका चाचणीत दिसले. कर्करोगाच्या गाठींत सापडणाऱ्या मेज-ए३ या प्रथिनाचे पेप्टाइड ओळखणाऱ्या रिसेप्टरची पकड प्रयोगशाळेत बदल करून वाढवली गेली आणि तो रुग्णांच्या टी पेशींत घातला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पहिले दोन्ही रुग्ण काही दिवसांत हृदय निकामी होऊन दगावले. हृदयात मेज-ए३ नव्हतेच. होते टायटिन, स्नायूंतले एक प्रचंड मोठे प्रथिन. त्यातल्या नऊ अमिनो आम्लांच्या एका तुकड्यात पहिले, तिसरे, चौथे, पाचवे आणि नववे अशी पाच मेज-ए३च्या पेप्टाइडशी जुळत होती. वाढवलेल्या पकडीला तेवढे साम्य पुरले. आधीच्या चाचण्यांत हे निसटले, कारण बशीत वाढवलेल्या साध्या पेशी टायटिन बनवत नव्हत्या. मूळपेशींपासून केलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्यावरच हल्ला दिसला.

आता पेप्टाइडच्या एकेका जागेवरचे अमिनो आम्ल बदलून रिसेप्टर कोणत्या जागा खरोखर वाचतो ते आधी काढतात आणि तो नमुना माणसाच्या सगळ्या प्रथिनांत शोधतात. दुसरी अडचण जोड्यांची: बाहेरून घातलेली अल्फा पेशीच्या मूळ बीटाशी जुळली तर कोणी न तपासलेला रिसेप्टर तयार होतो. म्हणून नव्या साखळ्यांत जादा गंधक-बंध घालतात किंवा मूळ जनुके कापून टाकतात. पकड वाढवलेल्या रिसेप्टरवर उभा असलेला एक उपचार ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मिळ कर्करोगासाठी. तोही फक्त एचएलए-ए-०२ गटातले (एचएलए म्हणजे माणसाचे एमएचसी, ते माणसागणिक वेगळे) ठरावीक प्रकार असलेल्या आणि गाठीत मेज-ए४ सापडलेल्या रुग्णांना.

तेव्हा अशा उपचाराची बातमी छापताना तीन गोष्टी जरूर द्याव्यात: रिसेप्टर कोणते पेप्टाइड ओळखतो, तो कोणत्या एचएलए प्रकारावर चालतो आणि पकड वाढवली असेल तर ती कोणकोणत्या निरोगी पेशींवर तपासली. रुग्णाचे नातेवाईक ते कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात, आणि हा उपचार आपल्या रुग्णाला लागू आहे की नाही हे बहुतेक वेळा दुसऱ्या मुद्द्यावरच ठरते.

– रोगप्रतिकारशास्त्राचा एक अध्यापक