सेंट किल्डाला येण्याआधी

ग्लासगो, १२ एप्रिल

प्रिय दादा, वहिनी,
सा. न.

जूनमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या समुद्रातल्या सेंट किल्डा बेटांचं नक्की करताय, तर बोटीच्या तारखेपुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. ताडोब्यात गेट उघडलं की जिप्सी आत जाते. इथे तसं नाही. हॅरिस बेटावरच्या लेव्हरबरो बंदरातून बोट निघते, जायला अडीच-तीन तास. पण मोठी बोट हिर्टा या मुख्य बेटाला लागत नाही. व्हिलेज बेमध्ये नांगर टाकून रबरी होडीने छोट्या धक्क्यावर नेतात. ही खाडी आग्नेयेला उघडी. वारा तिकडून असला की लाटा थेट आत येतात, होडी धक्क्याशी स्थिर राहत नाही. ऊन पडलेलं असलं तरी उतरवत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी पाऊस नाही, वाऱ्याची दिशा विचारा.

उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. वहिनी, आलेपाक आणाच. कपडे नागपूरच्या जानेवारीतले, वरून वारा अडवणारं जाकीट.

बॅगा आदल्या रात्री पूर्ण रिकाम्या करून झटका, बुटांचे तळ ब्रशने घासा. पफिन हा समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळात अंडं घालतो, तेही एकच. गाभण उंदरीण बॅगेतून पोचली तर अंडी-पिल्लं खाऊन पफिनांची वसाहत संपलीच म्हणा. पफिन ऑगस्टमध्ये समुद्रावर निघून जातात, त्यामुळे जून उत्तम. स्कुआ पक्षी घरट्याजवळ गेलं की डोक्यावर झेपावतो. काठी डोक्याच्या वर उभी धरून मागे फिरा, हाणू नका.

शेवटचे ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतः अर्ज करून बेट सोडून गेले. घरांची एक ओळ उभी आहे, पण माझ्या मते खरं बघायचं ते ‘क्लीट’, म्हणजे दगडी कोठारं. गारगोट्या नव्हे, चांगले मोठे दगड, मातीचुन्याशिवाय रचलेले. वर फरश्या आणि त्यावर गवतासकट मातीचा थर. फटींतून वारा खेळतो, पाऊस मात्र आत येत नाही. त्यात पक्ष्यांचं मांस, अंडी, जळणाचं पीट साठवत. अशी बाराशेच्या वर आहेत. दादा, फोटोसाठी त्यांवर चढू नका: एक दगड हलला की भिंत ढासळते, आणि तिथल्याच फटींत सेंट किल्डाचा रेन घरटं करतो. हा छोटा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही.

परतीला बोट सहसा बोरेरे बेटाजवळून वळते. तेव्हा थकून केबिनमध्ये बसू नका. स्टॅक ली हा समुद्रातला सुळका १७२ मीटर उंच, लांबून चुना फासल्यासारखा पांढरा. जवळ गेल्यावर कळतं, ते गॅनेट पक्षी आहेत आणि त्यांची विष्ठा.

तुमचा,
धाकटा