वॉर्डातल्या वृद्ध रुग्णाची पहिली तपासणी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

सत्तरी ओलांडलेला माणूस रुग्णालयात दाखल झाला की केसपेपरवर ताप, नाडी, बीपी, श्वास आणि ऑक्सिजन एवढ्या नोंदी होतात. तिशीतल्या रुग्णाच्याही याच होतात. वृद्ध रुग्णाची परिचारिकेने करायची पहिली तपासणी वेगळी असावी, ती २४ तासांत पूर्ण व्हावी आणि तिच्यासाठीचा वेळ ड्युटी लावतानाच राखून ठेवावा, एवढी आमची मागणी आहे.

आधी तापाचेच घ्या. एरवी ज्याचे अंग ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्याचे ३७.४ झाले तरी तक्त्यात ते ‘नॉर्मल’च दिसते. त्याच्यापुरता मात्र तो ताप असतो. म्हातारपणी न्यूमोनिया खोकल्याआधी जेवण तुटण्यातून, पडण्यातून किंवा एकाएकी असंबद्ध बोलण्यातून दिसू शकतो. श्वास मिनिटाला २५ च्या पुढे गेले तर सावध व्हायला हवे. पण त्यासाठी ते पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. तक्त्यावर दिवसभर १८, १८, १८ असे आकडे असतील, तर ते कसे आले हे वॉर्डात कुणाला विचारावे लागत नाही.

बीपीचेही तसेच. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा बीपी घ्यायचा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर पहाटे लघवीला उठताना हा माणूस पडण्याचा धोका आहे, हे आदल्या संध्याकाळीच कळते. शरीरातले पाणी कमी झाले आहे का, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या जास्त होताहेत का, हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारता येते. आज त्याऐवजी कॉटचे कठडे वर केले जातात. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडून उतरू पाहतो आणि अधिक उंचीवरून आपटतो. कॉट खाली घ्या, लघवीचे भांडे हाताशी ठेवा, ठरावीक वेळाने विचारून शौचालयात न्या. याचा उपयोग जास्त.

सर्वांत जास्त निसटतो तो डेलिरियम, म्हणजे काही तासांत किंवा दिवसांत आलेला, कमीजास्त होणारा गोंधळ. आरडाओरडा करणारा, सलाईन ओढून काढणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. पण निपचित पडून राहणारा, घास तोंडात धरून बसणारा रुग्ण ‘शांत आहे, काही त्रास नाही’ म्हणून पुढच्या पाळीकडे सोपवला जातो. त्याला ओळखायला यंत्र लागत नाही. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगा. सात महिनेही बरोबर न सांगू शकणाऱ्याचे लक्ष टिकत नाही असे धरून पुढे तपासा. शिक्षण कमी असेल तर आठवड्याचे वार उलटे विचारा. आणि नातेवाइकांना एकच प्रश्न करा : हे नेहमीसारखे वाटतात का? (हे सांगू शकणाऱ्या माणसालाच भेटीची वेळ संपली म्हणून आपण बाहेर काढतो!) गोंधळ आढळला की कारण शोधायचे : जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, न सांगता आलेली वेदना, नवी झोपेची गोळी, कपाटात राहिलेले श्रवणयंत्र. झोपेचे औषध देऊन रात्र निभावता येते, पण गोंधळ वाढतो आणि कारण तसेच राहते.

त्याच संभाषणात दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती लिहून घ्यावी. चालत होते का, अंघोळ, कपडे, शौचालय आणि जेवण स्वतः करत होते का, लघवीवर ताबा होता का. ही नोंद नसली की घरी चालणारा माणूस आठवडाभरात ‘अंथरुणाला खिळलेला’ ठरतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

त्वचेसाठी ब्रेडन मापन पुरेसे आहे : ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी असतील तर बेडसोअरचा धोका. मात्र गुण भरण्याआधी माकडहाड, खुबे आणि टाचा उघड्या करून बघायला हव्यात. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून ऊब आणि कडकपणा तपासावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीवरून अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्यायची. रुग्णाला ओढत सरकवले तर कातडी घासते. उचलून फिरवायला दोन माणसे लागतात. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच परिचारिका असेल, तर कूस बदलल्याचा तक्ता कागदावरच पूर्ण होणार. त्याबद्दल तिला नोटीस देणे हा अन्याय आहे.

म्हणून आणखी एक रजिस्टर वाढवू नका. सध्याच्या दाखल-पत्रकातली दुबार माहिती काढून तिथे हे एक पान बसवा. ब्रेडन १८ किंवा कमी आला तर त्याच पाळीत योग्य गादी मागण्याचा, आणि नवा गोंधळ दिसला तर तातडीने डॉक्टरांना बोलावण्याचा अधिकार परिचारिकेला लेखी द्या. रात्रपाळीत मदतीला दुसरे माणूस द्या. प्रशिक्षण सभागृहात न घेता खाटेजवळ घ्या. आणि घरी सोडताना तेच पान पुन्हा भरून दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय डिस्चार्जवर सही होऊ नये, असा आदेश काढा.

आपले,
वृद्ध-शुश्रूषेत काम करणारे परिचारक व परिचारिका