पायलटच्या पगाराआधी बॉण्डचा कागद वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमरावतीजवळ बेलोरा येथे वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची क्षमता असलेली अकादमी उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर तर आधीपासूनच प्रशिक्षण चालते. त्यामुळे नागपुरातल्या घराघरांत ‘पोराला पायलट करायचं का?’ हा विषय निघू लागला आहे आणि सोबत पगाराचे लाखांतले आकडे फिरतात. ते आकडे खोटे नसतात, पण अर्धेच असतात. कंपनी विमानांचा ताफा बदलते तेव्हा नव्या विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, आणि त्यापोटी कसला बॉण्ड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास कंपनीला ठरावीक रक्कम भरण्याचा करार) लिहून द्यावा लागतो, ही उरलेली बाजू क्वचितच कोणी सांगतो.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते. पण हे लायसन्स हातात आले म्हणजे एअरबस किंवा बोइंग चालवता येते असे नाही. त्यासाठी त्या विशिष्ट विमानाचे ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते. दोन-तीन आठवडे वर्ग आणि परीक्षा, नंतर हलणाऱ्या पूर्ण सिम्युलेटरवर (कॉकपिटची हुबेहूब नक्कल असलेल्या यंत्रावर) चार-चार तासांची आठ-दहा सत्रे, मग परीक्षकासमोर चाचणी, मग प्रत्यक्ष विमानावर टेकऑफ-लँडिंग, आणि शेवटी प्रवासी भरलेल्या विमानात प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून लाईन ट्रेनिंग. सिम्युलेटरचे सत्र दोघांत वाटून घ्यायचे असते. जोडीदार आजारी पडला की दोघांचेही वेळापत्रक कोलमडते. एअरबसच्या साध्या ए-३२० च्या रेटिंगलाही साधारण १२ ते २० लाख रुपये लागतात. सिम्युलेटर मुख्यतः दिल्ली परिसर, बंगळूरु, हैदराबाद अशा ठिकाणी असल्याने राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा.

सगळेच ताफाबदल सारखे महाग नसतात, हे मुद्दाम सांगायला हवे. जुन्या ए-३२० वरून ‘निओ’ या त्याच विमानाच्या नव्या आवृत्तीवर जायचे तर नवे रेटिंग लागत नाही, फरकाचे छोटे प्रशिक्षण पुरते. ए-३२० वरून मोठ्या ए-३५० वर जाणाऱ्यालाही पूर्ण कोर्स करावा लागत नाही, कारण एअरबसने कॉकपिटची रचना जाणूनबुजून सारखी ठेवली आहे. खरी अडचण होते ती बोइंग ७३७ वरून एअरबसवर किंवा उलट जाताना. ७३७ मध्ये दोन्ही हातांत धरायचे कंट्रोल आणि आपोआप मागेपुढे सरकणारे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारे दांडे. एअरबसमध्ये बाजूला छोटी साइडस्टिक, आणि ऑटोथ्रस्ट (ही ताकद आपोआप राखणारी यंत्रणा) चालू असताना थ्रॉटल जागचे हलतही नाहीत. वर्षानुवर्षे तळहाताला जाणवणारी ती हालचाल अचानक बंद होते. इथे पूर्ण कोर्सला पर्याय नाही, आणि तो घाईत उरकणे कोणाच्याच हिताचे नाही.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे ताफे आत्ताच बदलत आहेत. एअर इंडियाने २०२३ मध्ये एअरबस आणि बोइंग मिळून ४७० विमानांची मागणी नोंदवली. इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ए-३५० मागवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये एआयएक्स कनेक्ट (पूर्वीची एअरएशिया इंडिया) ही एअरबस उडवणारी कंपनी बोइंगवाल्या एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली आणि बोइंग-एअरबस एकाच छपराखाली आली.

आता पगाराकडे वळू. पगारातला मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर असतो. ठरावीक तासांचे पैसे हमखास मिळतात, त्यावरचे तास उडाल्यावर. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांत असंतोष उसळला आणि उड्डाणे रद्द झाली, त्यामागे हमीचे तास ७० वरून ४० वर आणण्याचा मुद्दा होता. बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटला असेल. उदाहरणादाखल ताशी ३,००० रुपये धरा. ७० तासांचे २ लाख १० हजार होतात, ४० तासांचे १ लाख २० हजार. ताफा बदलताना वैमानिक वर्गात आणि सिम्युलेटरवर असतो, उडत नाही, म्हणून त्याच्या हाती फक्त हमीचे तास येतात. प्रशिक्षण चार महिने चालले तर ३ लाख ६० हजारांचा फरक पडला, आणि तोही कंपनीच्या निर्णयामुळे.

चार महिने तरी आशावादी हिशेब झाला. नव्या विमानावर आधी प्रशिक्षकच तयार करावे लागतात, त्यामुळे पहिल्या तुकड्या रखडतात. कधी प्रशिक्षण वेळेत संपते, पण विमानच कारखान्यातून येत नाही. मग ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट चुकते आणि पुन्हा सिम्युलेटर गाठावे लागते. तोवर जुन्या विमानावरची सहामाही चाचणीही हुकलेली असते. वैमानिक ना इकडचा, ना तिकडचा.

एवढे होऊनही बॉण्ड वैमानिकाच्याच गळ्यात. माझा आक्षेप बॉण्ड असण्याला नाही. कंपनीने खर्च केला तर काही काळ सेवेची अपेक्षा रास्तच आहे, आणि मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतला असा बॉण्ड वैध ठरवला आहे. पण भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानते आणि त्याच्या आत वाजवी भरपाई देते. १५ लाखांचा तीन वर्षांचा बॉण्ड दरमहा सुमारे ४१,६६७ रुपयांनी उतरला पाहिजे. तीस महिने सेवा दिलेल्याकडून अडीच लाख मागणे समजू शकते, पूर्ण १५ लाख मागणे हा दंड झाला. वैमानिकाने स्वतःहून मोठे विमान मागितले असेल तर गोष्ट वेगळी. ताफा कंपनीने बदलला असेल तर बॉण्ड नकोच, आणि प्रशिक्षणकाळात आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरी तासांचे पैसे मिळावेत.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०१७ मध्ये कॅप्टनसाठी नोटिशीची मुदत एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने केली. वैमानिकाने नोकरी कशी सोडावी यावर इतके बारीक लक्ष देणाऱ्या यंत्रणेने बॉण्डची उतरती रक्कमही नियमात लिहावी.

आणि घर किंवा प्लॉट तारण ठेवून पोराला पाठवणाऱ्या पालकांनी भरतीपत्रातल्या चार गोष्टी पेन्सिलने अधोरेखित कराव्यात: हमीचे तास किती, टाइप रेटिंगचे पैसे कोणाचे, कंपनीने विमान बदलले तर नवा बॉण्ड लागणार का, आणि रक्कम महिन्यागणिक उतरते का. बॉण्डसोबत सही केलेले कोरे चेक मागितले तर देऊ नयेत. द्यावेच लागले तर रक्कम व तारीख घालून, झेरॉक्स काढून आणि चेकचे क्रमांक व उद्देश करारात नमूद करूनच द्यावेत. न वटलेल्या चेकवर फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि मग बॉण्डची रक्कम वाजवी आहे की नाही हा वाद बाजूला पडून पोराला तारखांना हजर राहावे लागते.

आपला,
विमान वाहतूक क्षेत्रातील एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर