मोरी बांधतानाच जनावराची वाट ठेवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिककडे येणाऱ्या रस्त्यांच्या रुंदीकरणाची कामे निघाली आहेत. वाढवण बंदराकडून इगतपुरीच्या बाजूला येणाऱ्या महामार्गालाही मंजुरी मिळाली आहे. रस्ते हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) आणि पूल बांधण्यातच गेली. पण वन्यप्राण्यांच्या वाटांचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर कोट्यवधींचे पूल येतात आणि विषय तिथेच मिटतो. आपल्याकडे निम्मे काम साध्या मोरीत होण्यासारखे आहे.

नाला जिथे रस्त्याला छेदतो, तिथूनच बहुधा जनावरही जाते, कारण ओढ्याकाठी झुडपांचा आडोसा असतो. तिथे आपण दहा फुटांचा भराव टाकतो आणि खाली नऊशे मिलिमीटरचा नळ घालतो. घोटी–सिन्नर रस्त्यालगत अशाच एका नळमोरीच्या तोंडाशी, पाऊस ओसरल्यावर उरलेल्या गाळात, तरसाचे ठसे पाहिले होते. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. ठसे नळापर्यंत सरळ आले होते, तिथे घुटमळले आणि भरावावरून वर चढून थेट डांबरावर गेले. नळ पाण्याच्या बाटल्यांनी आणि ढाब्याच्या कचऱ्याने अर्धा बुजलेला. मोकळा असता तरी पलीकडचा उजेड दिसत नाही अशा भोकात मुंगूस किंवा उदमांजर शिरेल फार तर.

तिथे चौकोनी मोरी हवी, आत माणूस ताठ चालेल एवढी. तळाशी एका बाजूला पाण्याच्या वर राहील असा कोरडा कट्टा ठेवावा आणि तोंडाशी खड्डा पडू नये म्हणून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, उतरते करावे. मग दिवसा शेतकऱ्याची गुरे, रात्री रानातले जनावर, दोघेही खालून जातात. अंदाजपत्रकात आधीच धरले तर खर्चातला फरक डोळ्यांत भरत नाही. रस्ता झाल्यावर मात्र तो फोडून मोरी मोठी करायला कोणीही येत नाही. हे आतल्या गोटातून सांगतो आहे.

मोठ्या कामाचे उदाहरण हवे असेल तर तेही आपल्याच राज्यात आहे. नागपूर–जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. बरेच कोर्टकज्जे होऊन मनसर–खवासा टप्प्यात नऊ ठिकाणी खालून वाटा ठेवल्या गेल्या, सर्वांत मोठी साडेसातशे मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासकट अठरा जातींचे प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. खवासाला राज्याची हद्द बदलते, पण पुढे मध्य प्रदेशानेही आपल्या बाजूला वाटा ठेवल्या. नाहीतर आपला खर्च पाण्यात गेला असता.

नाशिकला तर हद्दीच हद्दी. कळसूबाईच्या रांगेपलीकडे अहिल्यानगर, कसारा घाट उतरला की ठाणे आणि सुरगाण्यापुढे गुजरातचे डांग. तिकडे पूर्णा अभयारण्य आहे, शेजारी वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. कळसूबाईकडून त्र्यंबकच्या डोंगरांकडे निघालेल्या बिबट्याला रेल्वे, मुंबई–आग्रा रस्ता आणि समृद्धी असे तिन्ही आडवे येतात. इगतपुरीजवळ समृद्धी जवळपास आठ किलोमीटर बोगद्यातून जातो, तेवढा डोंगर वरून मोकळा राहिला हे नशीबच म्हणायचे. बिबटे चालतात किती, हे ‘आजोबा’ने दाखवून दिले आहे. २००९ मध्ये माळशेज घाटात जीपीएसचा पट्टा बांधून सोडलेला हा बिबट्या शंभराहून अधिक किलोमीटर तुडवत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला.

निफाड-सिन्नरचे वाचक म्हणतील, उसात बिबटे मावेनासे झालेत, आणि हे महाशय त्यांच्यासाठी वाटा मागतात! त्यांचा राग समजतो. ज्यांच्या घरातले लेकरू गेले त्यांना मोरीचे मोजमाप काय सांगणार? पण रस्ता बिबट्या आजही ओलांडतोच, फक्त डांबरावरून. रात्री दुचाकीसमोर अचानक जनावर आले तर माणूसही जातो. शिवाय तरस, लांडगा, खोकड ही मंडळी उसातली नव्हेत. येवल्याच्या माळावरचे काळवीट उन्हाळ्यात पाण्यापायी रस्त्यावर येते, तेही नव्हे.

माझे म्हणणे एवढेच, की निविदा निघण्याआधी बांधकाम, महामार्ग आणि रेल्वेचे अभियंते नाशिक, अहिल्यानगर, ठाणे व डांगच्या वनाधिकाऱ्यांबरोबर एकदा एका नकाशासमोर बसावेत. कुठली मोरी मोठी करायची हे तिथेच ठरेल.

यात आपल्या दैनिकाचीही मदत होऊ शकते. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत बिबट्या ठार’ असे आपण छापता. वाहन अज्ञात असेल, जागा अज्ञात नसते. वार्ताहरांनी बातमीत किलोमीटरचा दगडही लिहावा. ती कात्रणे घेऊन कार्यकारी अभियंत्यांच्या दालनाबाहेर बसायला मी तयार आहे. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, नाशिक रोड